ग्रंथकारास प्रश्न कसा विचारावा?

श्रोतेहो, ग्रंथ वाचणें ही एक विद्या आहे. ग्रंथकाराशीं बोलणें ही दुसरी, आणि ती अधिक कठीण. शास्त्र, इतिहास व समाज या विषयांवर लिहिणाऱ्या लेखकांच्या मुलाखती हल्लीं रेडिओवर, सभागृहांत व वाचनालयांत वारंवार होतात. त्या ऐकून घरीं परतणारा गृहस्थ 'मुलाखत फार रंगली' असें सांगतो. पण त्यांतून नवें काय कळलें असें विचारल्यास पुष्कळदां निरुत्तर होतो. याचें कारण लेखकाच्या विद्वत्तेंत क्वचितच असतें. तें बहुधा प्रश्नांत असतें. म्हणून संवादानें ज्ञान कसें वाढतें आणि प्रश्न कसा असावा, याचा आज थोडा विचार करूं.

संवादाचें उदाहरण शोधण्यास आपणां सोलापूरकरांस दूर जावयास नको. बाराव्या शतकांत, या गांवास सोन्नलिगे म्हणत त्या काळीं, सिद्धरामेश्वरांनीं लोकांच्या सोयीसाठीं येथें तळें खोदविलें. काम चालू असतां अल्लमप्रभु तेथें आले आणि बाहेरच्या या खटाटोपांत अंतरंगाच्या शोधाचें काय झालें, असें त्यांनीं बोचऱ्या शब्दांत विचारलें. मजुरांनीं रागावून त्यांजवर दगड टाकले. सिद्धराम मात्र अखेर त्यांच्याशीं बोलले व पुढें त्यांजबरोबर कल्याणास गेले. पंधराव्या शतकांत संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथांत ही कथा येते, आणि तो ग्रंथच मुळीं वचनांची संवादरूपानें केलेली गुंफण आहे. दोघेही वचनकार, म्हणजे ग्रंथकारच. ज्या कामाचा सिद्धरामांस अभिमान होता, नेमका त्याविषयींच हा प्रश्न होता. स्तुतीच्या प्रश्नानें एवढें मंथन घडलें नसतें.

शास्त्राच्या प्रांतांत पाहिलें तरी हेंच दिसतें. पृथ्वी फिरते कीं सूर्य, हा वाद गॅलिलिओनें 1632 सालीं तीन पात्रांच्या संभाषणांतून मांडला. आणि तो पंडितांच्या लॅटिनमध्यें न मांडतां सामान्यांच्या इटालियन भाषेंत मांडला. पुढें इंग्लंडांत जेन मार्सेट नांवाच्या बाईंनीं सर हंफ्री डेव्ही यांचीं रसायनशास्त्रावरील व्याख्यानें ऐकलीं. तीं प्रथम त्यांस नीट उमगलीं नाहींत. परंतु एका स्नेह्याशीं त्याच विषयावर बोलतां बोलतां अर्थ उलगडत गेला. तेव्हां 1806 सालीं त्यांनीं एक शिक्षिका व दोन मुली यांच्या संभाषणाच्या रूपानें रसायनशास्त्राचें पुस्तक लिहिलें. पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे या गरीब मुलानें तें वाचलें. हाच मुलगा पुढें विद्युत्‌शास्त्राचा आचार्य झाला. व्याख्यान नदीसारखें पुढें वाहत जातें. ऐकणारा कोठें अडखळला हें वक्त्यास कळत नाहीं. संवाद मात्र ऐकणाऱ्याच्या अडखळण्यापाशीं थांबतो. प्रश्नाची किंमत ती हीच.

परंतु प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणास? 1873 सालीं जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला व गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. त्यांत धोंडिबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. त्यांतील इतिहासविषयक प्रत्येक अनुमान आजच्या संशोधकास मान्य होईलच असें नाहीं. तथापि ज्या वर्गानें शतकानुशतकें केवळ मान डोलवावी अशी अपेक्षा होती, त्या वर्गांतील एक मनुष्य येथें जुन्या कथांची उलटतपासणी करतो. ही गोष्ट त्या अनुमानांहून मोठी आहे.

आतां प्रश्न कोणता विचारावा, तें पाहूं. शास्त्रज्ञास विचारावें, 'हें आपण पडताळून कसें पाहिलें?' डॉ. जयंत नारळीकर यांनीं 2008 च्या सुमारास फलज्योतिषाचा असाच पडताळा घेतला. पत्रिका विशेष बुद्धिमान मुलाची कीं मतिमंद मुलाची, हें ओळखण्यास ज्योतिषांस सांगितलें. 27 जणांनीं प्रत्येकीं 40 पत्रिकांचीं उत्तरें पाठविलीं. त्यांत सरासरीनें शेंकडा 46 बरोबर निघालीं. नाणें उडवून उत्तर दिलें असतें तरी शेंकडा 50 च्या आसपास बरोबर आलीं असतीं!

इतिहासकारास विचारावें, 'साधन कोणतें, आणि तें घटनेच्या किती जवळचें?' शिवछत्रपतींचा जन्म 1627 सालचा, अशी समजूत दीर्घकाळ होती. लोकमान्य टिळकांनीं 1916 सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आढळली. तीवर अनेक वर्षें वाद झाला, आणि अखेर 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख महाराष्ट्र शासनानेंही स्वीकारली. एका प्रश्नानें रूढ सन बदलला, तो असा.

समाजाविषयीं लिहिणाऱ्यास विचारावें, 'आपण कोणाकोणाशीं बोललां, आणि कोणाशीं बोलावयाचें राहिलें?' सोलापुरांत मराठी, कन्नड, तेलुगु व उर्दू या चार भाषा शेजारीं शेजारीं नांदतात. त्यांतील एकाच भाषेच्या घरांत बसून साऱ्या शहराचें चित्र काढूं पाहणाऱ्यास हा प्रश्न अवश्य विचारला पाहिजे.

हे तिन्ही प्रश्न विनयानें विचारतां येतात. विनय म्हणजे मौन नव्हे. पुष्कळ वर्षें वर्गांत खडू हातीं धरल्यावर माझें असें मत झालें आहे कीं, मुलाची जिज्ञासा आपोआप मरत नाहीं. 'तुला काय कळतें, गप्प बैस' या वाक्यानें ती मारली जाते. घरोघरीं सुनेच्या व मुलींच्या प्रश्नांचीही तीच गत होत आली. नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस सांगत, 'पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखालीं माझी सही मिळेल.' सहीपेक्षां प्रश्न मोलाचा, हें याहून सोप्या रीतीनें कोण शिकवील?

2025 च्या मे महिन्यांत नारळीकर निवर्तले. तीं पोस्टकार्डें आतां यावयाचीं नाहींत. परंतु आपल्या घरांतील मूल आज रात्रीं जेवतांना कांहींतरी विचारील. त्याचें उत्तर आपणांस येत नसेल तर 'उद्यां मिळून शोधूं' एवढें तरी म्हणावें. ग्रंथकारांस प्रश्न विचारणारे श्रोते पुढील पिढींत हवे असतील, तर ते याच ताटाभोंवतीं तयार होणार आहेत.