मुद्दलाला हात न लावणारा देश : नॉर्वे



युरोपच्या नकाशात अगदी वरच्या टोकाला, समुद्राला बिलगून पसरलेला लांबट देश दिसतो, तो नॉर्वे. लोकसंख्या जेमतेम 55 लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. जमीन डोंगराळ, पिकाखाली फक्त तीन टक्क्यांच्या आसपास. किनारा मात्र इतका वाकडातिकडा की खाड्या आणि बेटं धरून मोजला तर एक लाख किलोमीटरच्या वर भरतो. पिढ्यानपिढ्या तिथली माणसं मासेमारीवर आणि जहाजांवर जगली. कॉड नावाचा मासा लाकडी मांडवावर टांगून वाळवायचा आणि युरोपभर विकायचा. कोकणातल्या मैत्रिणींना बोंबील आठवले असतील! पोट भरेना म्हणून लाखो लोक अमेरिकेला निघून गेले होते.

1969 च्या शेवटी उत्तर समुद्राच्या तळाखाली तेलाचा मोठा साठा सापडला. त्या जागेचं नाव एकोफिस्क. आता खरी परीक्षा होती. तेल सापडलेले कितीतरी देश कर्जात आणि भांडणात बुडालेत. नॉर्वेने आधी ठरवलं की समुद्रातलं तेल कोणा कंपनीचं नाही, जनतेचं आहे. 1972 मध्ये सरकारी तेल कंपनी काढली. परदेशी कंपन्यांनाही काम दिलं, पण आज तेल काढणाऱ्या कंपनीच्या नफ्यावर 78 टक्के कर आहे. ही हुशारी एका रात्रीत आलेली नव्हती. शंभर वर्षांपूर्वी धबधब्यांवर वीज करायला बाहेरचे भांडवलदार आले, तेव्हाही त्यांनी कायदा केला होता की ठरावीक वर्षांनी वीजकेंद्र सरकारकडे परत यायचं.

मग 1990 मध्ये निधीचा कायदा झाला आणि 1996 मध्ये पहिली रक्कम जमा झाली. हा सगळ्या देशाचा बचत गट म्हणा ना! फरक एवढाच की यातून कोणाला कर्ज मिळत नाही. 2001 पासून नियम असा, की सरकारने दरवर्षी सरासरी चार टक्केच खर्च करावेत. 2017 मध्ये ते तीनवर आणले. एक लाख असतील तर वर्षाला तीन हजार. निधी दीर्घकाळात त्याहून जास्त कमावेल असा अंदाज आहे, म्हणून मुद्दल शाबूत राहतं आणि आज न जन्मलेल्या मुलांचाही वाटा राहतो. एवढ्यावर सरकारचा जवळजवळ पाव खर्च भागतो.

हा पैसा नॉर्वेच्या आत गुंतवतच नाहीत. का? गावात एकदम मोबदल्याचे पैसे आले की जागा, मजुरी, लग्नाचा हॉल, सगळंच महागतं. ज्याच्या हाती मोबदला नाही तो मरतो. देशाचंही तसंच होतं. म्हणून निधी बाहेरच्या हजारो कंपन्यांचे शेअर घेतो, त्यात भारतातल्याही आहेत. जगातल्या शेअर बाजारांतल्या कंपन्यांचा सुमारे दीड टक्का हिस्सा आज या छोट्या देशाचा आहे. 2008 च्या मंदीत एका वर्षात निधीचं जवळजवळ पाव नुकसान झालं. घाबरून विकण्याऐवजी त्यांनी उतरत्या भावात आणखी शेअर घेतले. मला विचाराल तर हे नियम करण्याहून अवघड.

एवढा पैसा असला की शब्दाला वजन येतं. युरोपीय संघात यायचं का, हे 1972 मध्ये आणि परत 1994 मध्ये लोकांना मतदानाने विचारलं. दोन्ही वेळा लोक ‘नाही’ म्हणाले. मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळात किमान 40 टक्के बायका हव्यात, हा कायदा 2003 मध्ये पहिल्यांदा नॉर्वेनेच केला.

आता दुसरी बाजू. घरातली वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची, 2024 मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ बॅटरीवरच्या. स्वतःची हवा स्वच्छ ठेवतात, पण तेल आणि गॅस काढून बाहेर विकतात. तो जळतो दुसऱ्यांच्या देशात, धूर सगळ्यांच्या वाट्याला. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅस भडकला, आणि युरोपला सर्वात जास्त गॅस देणारा देश नॉर्वे झाला. तिजोरी भरली. तेव्हा तिथल्याच लोकांनी विचारलं, लढाईमुळे आलेला हा पैसा आपला कसा? 2023 मध्ये तिथल्या संसदेने युक्रेनसाठी पाच वर्षांत 7,500 कोटी क्रोनर द्यायचं ठरवलं आणि पुढे ही रक्कम वाढवली. तेवढं पुरेसं आहे का, यावर नॉर्वेत अजून वाद चालू आहे.