लेसरच्या गॉगलचं गणित

२०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीत लेसरमुळे आपल्या नाशिकमधल्या काही तरुणांच्या रेटिनाला इजा झाली. तसा जबरदस्त लेसर आता हातात मावतो आणि होस्टेलच्या गच्चीवरही चमकतो. म्हणून मित्रांनो, थोडं गणित!

डोळ्याचं भिंग लेसरचा किरण रेटिनावर एका बारीक ठिपक्यात गोळा करतं. पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो. दिसणारा किरण १ मिलिवॅटपर्यंत असेल तर तेवढ्यात निभावतं. ५०० मिलिवॅटच्या पुढे क्लास ४ सुरू होतो. तिथे भिंतीवरून परतलेला उजेडसुद्धा घातक ठरू शकतो.

गॉगल घेताना मी दोन आकडे बघतो. पहिला, तरंगलांबी. हिरवा लेसर ५३२ नॅनोमीटर, निळा ४५० च्या आसपास. गॉगलवर नेमका तोच आकडा हवा. स्वस्त हिरव्या लेसरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचे अदृश्य इन्फ्रारेड किरणही निसटू शकतात, तेही अडले पाहिजेत.

दुसरा आकडा ओडी, म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी. ओडी ३ किरण हजारपट कमी करतो, ओडी ४ दहा हजारपट. म्हणजे १ वॅटमधून ०.१ मिलिवॅट उरतं. सोबत ईएन २०७ ची खूण शोधा.

मेनरोडवरचा काळा गॉगल इथे कुचकामी. आणि चांगला गॉगल लावला म्हणून किरणात थेट बघायचं नसतं.

शेवटचं म्हणजे, गॉगल एकच असेल तर लेसर लावूच नका. रूममेटलाही दोन डोळे आहेत!