गेम इंजिन निवडण्याआधी ‘सीताबर्डीचा किल्ला’ लिहून बघा

“युनिटी शिकू की अनरियल?” हा प्रश्न संशोधनाच्या तयारीत असलेले विद्यार्थीही हल्ली विचारतात. साहजिक आहे. मुलाला शब्द ओळखायला किती वेळ लागतो, अनोळखी जागेत माणूस वाट कशी शोधतो, हे खेळातून मोजता येतं. एकट्याने खेळ बनवणारा आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी, दोघांची अडचणही एकच: पैसा कमी, हात कमी, आणि निवड चुकली तर वर्ष जातं.

पण प्रश्नच उलटा विचारला जातो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला, तो अनरियल इंजिन ४ वर. भव्य त्रिमितीय वास्तू, मारामारी, प्रकाशाचा खेळ. तिथे ती निवड शोभते. तुमचा खेळ काय आहे?

समजा, नागपुरातल्या १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईवर शाळकरी मुलांसाठी छोटा मराठी खेळ करायचाय. मग इंजिन उघडून सगळ्यात आधी एवढंच लिहा: ‘वऱ्हाडातून सीताबर्डीच्या किल्ल्यापर्यंत’. ही ओळ मी मुद्दाम बांधली आहे. ‘कि’ मध्ये संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी यायला हवी. ‘र्डी’ मधला र आधी येतो, पण त्याचा रफार अक्षराच्या शेवटी, वर जाऊन बसतो. आणि ‘ऱ्हा’ मधला तो चंद्रकोरीसारखा र तर आपल्या मराठीची खासियत. हिंदीवर तपासलेला खेळ इथे हमखास अडखळू शकतो.

ही जुळवाजुळव फॉन्ट एकटा करत नाही. ती करणारा वेगळा प्रोग्राम लागतो. हार्फबझ हा त्यातला सर्वात प्रसिद्ध. क्रोम आणि अँड्रॉइडमध्ये तोच आहे. अनरियलमध्ये तो आहे, गोडोमध्ये २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून आला. युनिटीत वर्षानुवर्षं वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो मात्र अक्षरं साठवलेल्या क्रमानेच मांडतो, त्यामुळे वेलांटी चुकीच्या बाजूला पडते. फॉन्ट बदलत बसून काही होत नाही बरं! लोक मग जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टची युक्ती करतात किंवा मजकुराची चित्रंच चिकटवतात. दिसायला ठीक, पण मजकूर शोधता येत नाही आणि एक शब्द बदलायचा तर पुन्हा चित्र. युनिटीच्या नव्या आवृत्त्यांत सुधारणा होत आहेत, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता तुमच्याच आवृत्तीत तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट परवान्याची. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने ठरावीक मर्यादेनंतर प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं. प्रचंड विरोध झाला, आधी अटी सैल झाल्या, आणि वर्षभराने शुल्क रद्द. पण खेळ अर्ध्यात असताना नियम बदलू शकतात, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. अनरियल खेळाची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर ५ टक्के घेतं; आपल्यापैकी बहुतेकांना ती चिंता नसावी. त्याची खरी किंमत लॅपटॉप मोजतो. गोडो एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, उद्या त्याची दिशा पटली नाही तरी हातातली आवृत्ती कोणी काढून घेत नाही.

म्हणून अशा मराठी, द्विमितीय, मजकूरप्रधान खेळासाठी मी गोडो घेईन. आभासी वास्तवाचा प्रयोग असेल आणि तुमच्या विभागात युनिटी येणारे चारजण असतील, तर युनिटी घ्या. अडल्यावर शेजारी विचारायला माणूस असणं ही काही छोटी गोष्ट नाही.

निवडलेली आवृत्ती मात्र नोंदवहीत पूर्ण आकड्यासह लिहा आणि प्रयोग संपेपर्यंत अपडेट करू नका. मध्येच बदललीत तर आधीच्या आणि नंतरच्या मुलांची मोजमापं एकत्र ठेवताना परीक्षक तिथेच बोट ठेवतील. आणि ती सीताबर्डीची ओळ लॅपटॉपवर पाहून थांबू नका. ज्या फोनवर मुलं खेळणार आहेत, त्या साध्या अँड्रॉइड फोनवर टाकून वाचा.