शास्त्रीय संगीत : श्रोत्याची पहिली पायरी

शास्त्रीय संगीत हे शहरातील जाणकारांसाठीच असते, असा समज आजही पुष्कळ ठिकाणी आढळतो. ‘आपल्याला त्यातले काय कळणार?’ असे म्हणून अनेक रसिक मैफलीपासून दूर राहतात. वस्तुतः बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावात भजनाला टाळ धरणारा माणूस या संगीताला परका नसतो. ठेक्याचे आवर्तन पुरे होताच नेमक्या ठिकाणी येऊन मिळणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शास्त्रीय संगीतात त्या ठिकाणालाच ‘सम’ म्हणतात.

हे संगीत दीर्घकाळ दरबारांच्या आश्रयाने व घराण्यांच्या चौकटीत वाढले. ते सर्वसामान्यांपर्यंत नेण्यात दोन महाराष्ट्रीयांचा मोठा वाटा आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षणाचे दार समाजाला खुले केले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांनी जपलेल्या शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापून प्रसिद्ध केल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. पुण्यात १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने हजारोंचा श्रोतृवर्ग घडविला. त्यातील बहुसंख्य लोक गायक नव्हेत. ऐकून ऐकूनच त्यांचे कान तयार झाले.

नवख्या श्रोत्याने प्रथम तंबोऱ्याकडे लक्ष द्यावे. त्याचा अखंड षड्ज हा गायनाचा आधार होय. तो मनात ठसला, की इतर स्वरांचे त्याच्याशी असलेले नाते जाणवू लागते. दुसरी पायरी तालाची. त्रितालाच्या १६ मात्रा चार-चारच्या चार विभागांत बोटांवर मोजाव्यात. पहिल्या मात्रेवर सम, तर नवव्या मात्रेवर खाली असते. विलंबित ख्यालात आवर्तन लांबते. तेथे मोजणी सोडून बंदिशीच्या मुखड्याकडे कान द्यावा. तोच समेवर आणून पोहोचवितो.

तिसरी पायरी रागाची. आरंभी भूप सोयीचा आहे. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात. देशकारातही हेच पाच स्वर असतात. मात्र भूपात गंधाराला महत्त्व, तर देशकारात धैवताला. भूप रात्रीच्या प्रथम प्रहरी गातात, देशकार सकाळी. राग म्हणजे स्वरांची केवळ यादी नव्हे, हे ही जोडी ऐकताच ध्यानात येते.

मोबाइलमुळे थोर कलावंतांची ध्वनिमुद्रणे आता खेड्यातही ऐकता येतात. शाळेत किंवा ग्रंथालयात आठवड्यातून एकदा, एकच राग दोन गायकांच्या गळ्यातून अर्धा तास ऐकण्याचा उपक्रम शिक्षक व पंचायत सदस्यांना विनाखर्च सुरू करता येईल. गावातील तबलजीने टाळी देऊन सम दाखवावी. परिभाषा मागाहून शिकता येते. परंतु ऐकण्याची सवय बालपणी लागली नाही, तर सर्वांसाठी खुले झालेले हे धन पुन्हा मोजक्यांपुरतेच उरेल.