गोटमारीनंतरची रात्र

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव ही गावं समोरासमोर उभी राहून एकमेकांवर गोटे मारतात. संध्याकाळपर्यंत जखमींचा आकडा शेकड्यांत जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतात ते रक्तबंबाळ डोक्यांचे. पांढुर्णा-सौसर भागात नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी मात्र सगळं लक्ष त्या रक्तावर खर्च करू नये.

डोक्याची कातडी फाटली की भळाभळा वाहते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या चिवट तंतूंनी ताणून धरलेल्या असतात. तुटल्या तरी त्या आक्रसून मिटत नाहीत. हाड खचलेलं नसेल तर स्वच्छ कापड सलग दहा मिनिटं दाबून धरलं की रक्त बहुधा थांबतं. मध्येच कापड उचलून बघायचं नाही, राख-माती लावू द्यायची नाही, धनुर्वाताच्या लशीचं विचारायचं.

भीती वाटावी ती कानशिलावरच्या माराची. तिथं कवटी पातळ असते आणि तिला आतून चिकटून एक धमनी जाते. गोटा बसून ती फाटली तरी माणूस कधी कधी शुद्धीवर येतो, बोलतो, चहाही मागतो. आत रक्त साचत राहतं. काही तासांनी तो पेंगू लागतो आणि सोबतचे म्हणतात, "प्यायलाय, झोपू द्या." या वाक्यानं जीव जातात!

यावरचा उपाय फार साधा आहे: जखमीच्या शुद्धीला पुन्हा पुन्हा गुण देत राहायचं. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या मेंदूशल्यविशारदांनी १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये तो मांडला. आज वापरतात त्या रूपात डोळे उघडण्याचे ४ गुण, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. एकूण १५, कमीत कमी ३. 'ग्लासगो कोमा स्केल' असं नाव शहराचं झालं, श्रेय डॉक्टरांना मिळालं. पण रात्रभर दर अर्ध्या तासानं उठून तेच प्रश्न विचारत ही मोजपट्टी जगभर रुजवली ती परिचारिकांनी. त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

"भाऊ, नाव काय? कुठं आहेस? महिना कोणता?" आठ वाजता तिन्ही उत्तरं बरोबर आली आणि नऊ वाजता तो दवाखान्यालाच घर समजू लागला, तर १५ चे १४ झाले. तेवढ्यानंही डॉक्टरांना उठवायचं. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांपैकी एक मोठी दिसली तर क्षणही थांबायचं नाही. नागपूरला पाठवताना चिठ्ठीवर नुसतं 'डोक्याला मार' लिहून भागत नाही. किती वाजता किती गुण होते, ते ओळीनं लिहावं.