पेट स्कॅनमधून बारीक गाठ का सुटते?

सेवाग्राम-सावंगीच्या डॉक्टरांनी ‘पेट स्कॅन’ सांगितला की घरचे म्हणतात, पोटाचा फोटो! तसे नव्हे. मुंबईत परळला 2002 साली सुरू झालेल्या या तपासणीत शिरेतून किरणोत्सारी साखर देतात. कर्करोगाची गाठ ती जास्त ओढते. तिथून दोन किरण विरुद्ध दिशांना निघतात आणि रुग्णाभोवतीच्या कड्यातले स्फटिक ते झेलून चमकतात. दोन चमकांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ती जागा असते. अशा लाखो रेषांतून चित्र बनते.

स्फटिक साधारण 4 मिलिमीटर रुंद. अरुंद असले तर चित्र रेखीव येते. जाडी कमी असली तर किरण आरपार निसटतात. म्हणून चांगल्या मशीनलाही 4-5 मिलिमीटरची गाठ दिसेलच असे नाही. रिपोर्ट ‘साफ’ आला तरी डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका.