अडवा, पण कुणाला?

चौघांच्या डावात ‘कंट्रोल’ खेळायचा फंडा

वर्ध्याहून नागपूरला अपडाऊन करणाऱ्यांना हे चित्र नवं नाही. गाडीत चौघं समोरासमोर बसले, मधे बॅग आडवी पडली, तिच्यावर कालचा पेपर पसरला, की पत्ते निघालेच! पाऊणशे किलोमीटरचा प्रवास, तास-सव्वा तासाचा टाइमपास. आणि अशा प्रत्येक ग्रुपमध्ये एक नग असतोच. बदाम सातचा डाव रंगात आलेला असतो आणि हा पठ्ठ्या इस्पिकची अठ्ठी दाबून गालातल्या गालात हसत असतो. बाकीचे नव्वी, दश्शी, गुलाम हातात घेऊन तडफडताहेत. “काहून दाबून बसला बे?” असा ओरडा होतो. हा मात्र शांतपणे चहावाल्याला हाक मारतो.

या नगाला ट्रेडिंग कार्ड गेम्सच्या दुनियेत एकदम स्टायलिश नाव आहे – ‘कंट्रोल प्लेअर’!

ट्रेडिंग कार्ड गेम म्हणजे ज्यात प्रत्येक जण स्वतःचा कॅट घरूनच बनवून आणतो. पाकिटं विकत घ्यायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि त्यातून आपल्या स्वभावाला शोभेल असा कॅट जमवायचा. लहानपणी पोकेमॉनची कार्डं जमवली असतील तर ही चटक तुम्हाला ठाऊक आहेच. याची सुरुवात 1993 मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने झाली. मूळ खेळ दोघांचा. पण आज सगळ्यात जास्त गप्पा आणि भांडणं होतात ती ‘कमांडर’ या प्रकारात. बहुतेक वेळा चौघं जण, प्रत्येकाकडे 100 पत्ते आणि 40 जीव. कंपनीने त्याचे तयार कॅट 2011 पासून बाजारात आणले.

आता कंट्रोलचा फंडा. सुरुवातीला मारामारी करायचीच नाही. समोरचा जे काही टाकेल ते रद्द करायचं, त्याचे सैनिक मारायचे, त्याला दमवायचं आणि शेवटी एखादा मोठा पत्ता काढून निवांत जिंकायचं. ‘काउंटरस्पेल’ नावाचा पत्ता याचा बादशहा. समोरच्याने मंत्र टाकला रे टाकला की हा म्हणतो, “नाही!” विषय संपला.

दोघांत हे झकास चालतं, कारण तुमचा एक पत्ता गेला, त्याचाही एक गेला, हिशेब बरोबर. चौघांत मात्र याच हिशेबाचा बोऱ्या वाजतो. तुम्ही डावीकडच्याचा पत्ता रद्द केलात. तुमचा एक गेला, त्याचा एक गेला आणि उरलेले दोघं? त्यांचं काहीच गेलं नाही! वर त्यांच्या वाटची मेहनत तुम्ही फुकटात करून दिलीत. असं चार-पाच वेळा केलं की तुमचा हात रिकामा, डावीकडचा चिडलेला आणि समोरचे दोघं मजेत. नव्याने कंट्रोल खेळणारे बरेच जण इथेच मार खातात आणि मग “कमांडरमध्ये कंट्रोल चालतच नाही” असं सांगत फिरतात. चालतं हो, फक्त सगळंच अडवायचं नसतं.

आपल्या बदाम सातमध्ये हे गणित आधीपासून आहे. सत्ती दाबली तर त्या रंगाचे बारा पत्ते अडतात. अठ्ठी दाबली तर वरचे पाच, छक्की दाबली तर खालचे पाच. ऐकायला भारी वाटतं! पण बऱ्याच घरांत नियम असतो, चालणारा पत्ता हातात असताना पास म्हणायचं नाही. म्हणजे अठ्ठी दाबायची तर दुसरीकडे टाकायला पत्ते शिल्लक हवेत. ते संपले की अठ्ठी झक मारत सोडावी लागते, तीही नेमकी नको त्या वेळी. आणि त्याच रंगाचा राजा तुमच्याच हातात असेल तर? मग तुम्ही स्वतःलाच कोंडून घेतलंत. मुरलेला खेळाडू आधी बघतो की कुणाच्या हातात किती पत्ते उरलेत. दोनच पत्ते उरलेल्याला जी अडवते ती अठ्ठी सोन्याची. नऊ पत्ते घेऊन बसलेल्याला अडवणारी अठ्ठी म्हणजे नुसता माज.

मेंढीकोटवाल्यांना तर हे आणखी पटकन कळेल. तिथे जोड्या असतात, त्यामुळे राजकारण कमी, पण हुकूम कुठे खर्च करायचा हा प्रश्न तोच. ज्या हातात दश्शी नाही तो हात हुकमाने कापणाऱ्या भिडूकडे पार्टनर कसा बघतो, आठवा! काउंटरस्पेलचंही तेच. तो डाव संपवणाऱ्या पत्त्यासाठी राखायचा. शेजाऱ्याने एखादा मध्यम आकाराचा राक्षस मांडला, तर मांडू दे. तो बहुतेक तुमच्याकडे येणारच नाही, समोरच्याकडे जाईल.

मग एकाने तिघांना सांभाळायचं कसं? असे पत्ते निवडायचे जे तिघांवर एकदम काम करतात. ‘रॅथ ऑफ गॉड’ घ्या. पहिल्या संचापासूनचा पत्ता, चार माना खर्च करा की टेबलावरचे सगळेच्या सगळे जीव साफ. एका पत्त्यात तिघांचं सैन्य गेलं! फक्त टायमिंग हवं. उगाच टाकलात तर तिघंही तुमच्यावर तुटून पडतील. एक जण दुसऱ्याला संपवायच्या बेतात असताना टाकलात तर वाचलेला तुमचे आभार मानेल.

माझे लाडके पत्ते मात्र टोलनाकेवाले. 1997 चा ‘प्रोपगंडा’ म्हणतो, माझ्यावर हल्ला करायचाय? मग प्रत्येक सैनिकामागे दोन माना भरा. फुकटात कोण टोल भरेल? सैन्य आपोआप शेजारी वळतं. आणि 2000 सालचा ‘रिस्टिक स्टडी’ म्हणजे तर कहर. बाकीच्यांनी कुठलाही मंत्र टाकला की एक माना भरायचा, नाहीतर तुम्ही एक पत्ता उचलणार. दर वेळी तुम्ही विचारता, “एक भरणार का?” दहाव्यांदा विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो! पत्ता जबरदस्त, पण मैत्री टिकवायची असेल तर जरा बेताने.

कारण चौघांच्या टेबलावर खरी करन्सी आहे ती बाकीच्यांचा मूड. तिथे कुणालाही काढता येतं आणि सगळ्यात आधी निघतो तो त्रास देणारा. ऑफिसात प्रत्येक मेलवर हरकत घेणाऱ्या सहकाऱ्याचं जे होतं तेच. त्यामुळे दोन माना मोकळे ठेवून गप्प बसणं हीसुद्धा एक चाल आहे. हातात काउंटरस्पेल आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं आणि प्रत्येक जण आपला मोठा पत्ता आधी दुसऱ्यावर आजमावून बघतो. तोंडही वापरा. “तो पुढच्या पाळीत जिंकतोय, तू त्याचं बघ, मी तुला या वेळी अडवत नाही.” असा सौदा झाला की पत्ता खर्च न होता काम फत्ते. फक्त दिलेला शब्द पाळा. याच चौघांसोबत पुढच्या शनिवारीही बसायचंय आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात शनिवारच्या संध्याकाळीला पर्याय तसेही मोजकेच!

आणखी एक. अडवणाऱ्याकडे डाव संपवायची सोय हवीच. बदाम सात वीसेक मिनिटांत आटोपतो, अजनी यायच्या आत आणखी दोन डाव होतात. कमांडर मात्र आरामात दीड-दोन तास चालतो. सगळं अडवलं, सगळे दमले आणि तुमच्याकडे जिंकायला पत्ताच नाही, तर तिघं जण मोबाइल काढून बसतात. शंभरात जिंकून देणारे चार-पाच पत्ते तरी ठेवा.

सुरुवात करायची असेल तर चौघांत मिळून तयार कॅट मागवा, एकेक वाटून घ्या. महागडे पत्ते परवडत नसतील तर चौघांच्या संमतीने प्रिंटआउट काढूनही घरगुती डाव होतो. अधिकृत स्पर्धेत ते चालत नाहीत, पण तुमच्या हॉलमध्ये अंपायर कोण येतोय? पहिल्या दोन डावांत कंट्रोल खेळूच नका. नुसतं बघा, कोण आधी घाबरतो, कोण आधी भडकतो आणि अठ्ठी दाबून बसायची सवय कुणाला आहे.